तलावाचा आकार एका आकड्यात मावतो का?

कर्नाळ्याच्या अभयारण्यात शाळांच्या सहली नेहमी येतात. सुळका, किल्ला आणि पक्षी पाहून मुले परततात. याच डोंगरांच्या पश्चिमेला, उरण तालुक्यात, रानसईचे धरण आहे. सहलीनंतर वर्गात नकाशा उघडून या जलाशयाचा आकार विचारला, तर बहुतेक मुले ‘वेडावाकडा’ म्हणतील. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर मात्र ‘गोल’. पण वेडावाकडा म्हणजे किती? येथे शब्द अपुरे पडतात आणि आकडा हवासा वाटतो.

सरोवरविज्ञानात यासाठी किनारा-विकास निर्देशांक वापरतात. तलावाच्या किनाऱ्याची लांबी घ्यायची आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाच्या परिघाने तिला भागायचे. वर्तुळाचे उत्तर १ येते, चौरसाचे सुमारे १.१३. लोणारचे उत्तर १ च्या जवळ राहील. कोयनेच्या शिवसागराचे फाटे दऱ्यादऱ्यांत शिरलेले आहेत, त्यामुळे त्याचे उत्तर कितीतरी मोठे येईल. तलाव लहान की मोठा याचा या आकड्याशी संबंध नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय किनारा जितका जास्त, तितकी काठाची उथळ जागा साधारणपणे अधिक. पाणवनस्पती, मासे आणि पाणपक्षी यांना तिचे महत्त्व असते. तेव्हा ही कल्पना उपयोगी आहे, यात शंका नाही. आक्षेप आहे तो तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकण्याला.

पहिली अडचण किनाऱ्याच्या लांबीची. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दिसणारी सरळ रेघ १:५०,००० च्या नकाशावर नागमोडी होते. क्षेत्रफळात त्याने फारसा फरक पडत नाही, पण किनारा लांबतो. लुईस फ्राय रिचर्डसन यांचे या विषयावरील काम त्यांच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये छापले गेले. त्याच्याच आधारे १९६७ मध्ये बेन्वा मांडेलब्रॉ यांनी ब्रिटनचा किनारा किती लांब, असा प्रश्न विचारला. उत्तर मोजपट्टीवर अवलंबून असते. म्हणजे एक तलाव एका नकाशावर आणि दुसरा दुसऱ्या प्रमाणाच्या नकाशावर मोजला, तर आपण तलावांची नव्हे, नकाशांची तुलना करतो.

दुसरी अडचण याहून मुळातली आहे. आलेखाच्या कागदावर पाच चौकोन एका ओळीत रंगवा. शेजारी दुसरे पाच अधिक चिन्हासारखे रंगवा : मध्ये एक आणि चार बाजूंना चार. दोन्हींचे क्षेत्रफळ ५, परिमिती १२. दोन्हींचा निर्देशांक सुमारे १.५१! पण पहिल्या तलावावरून वारा लांबीच्या दिशेने वाहिला, तर त्याला पाच चौकोनांची सलग धाव मिळते. दुसऱ्यात चौकोनांच्या रांगेतून फार तर तीनची. वाऱ्याची धाव जास्त असली की लाटा मोठ्या होतात. आकडा तोच, तलावांचे वागणे मात्र वेगळे.

तिसरी गोष्ट आपल्याकडे विशेष जाणवते. पावसाळ्याअखेर भरलेला जलाशय मे महिन्यात ओसरतो. फाट्यांच्या टोकांचे पाणी आधी आटते आणि किनाऱ्याची रेषाच बदलते. मग मोजलेला आकार कोणत्या महिन्याचा?

मग हा निर्देशांक टाकून द्यावा का? मुळीच नाही. तुलना करायचे सर्व तलाव एकाच प्रमाणाच्या नकाशावर घ्यावेत, कर्कटकातील अंतर सर्वांसाठी सारखेच ठेवावे आणि पाण्याची पातळी कोणत्या वेळची हे नोंदवावे. निर्देशांकाशेजारी तलावाची सर्वांत मोठी लांबी आणि सरासरी रुंदीही लिहावी. ओळ आणि अधिक चिन्ह यांतला फरक त्यातून लगेच दिसतो.

वर्गात एक प्रयोग अवश्य करावा. रानसईच्या जलाशयाची बाह्यरेषा काढून द्यावी. अर्ध्या वर्गाने कर्कटक २ सेंटिमीटर उघडून किनारा मोजावा, उरलेल्यांनी अर्धा सेंटिमीटर उघडून. उत्तरे वेगळी येतील आणि मुले विचारतील, ‘बरोबर कोणाचे?’ दोघांचेही, पण कर्कटकाचे अंतर सांगितले तरच. मोजमापासोबत मोजण्याची रीतही सांगायची असते, हे त्या दिवशी मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.