निर्णयाचे पान : परदेशी नोकरी आणि मराठी लेखनातील एक रिकामी जागा

मराठी साहित्यात परदेश पुष्कळ आहे. प्रवासवर्णनांची तर रेलचेल आहे. तिकडे स्थिरावलेल्यांच्या आठवणी आहेत, मागे राहिलेल्या आईवडिलांची नाटके आहेत, परतलेल्यांच्या कथाही आहेत. मात्र या लेखनात माणूस एकतर विमानात बसलेला असतो, नाहीतर जमिनीवरून विमानाकडे पाहत असतो. जावे की न जावे हे ठरवत बसलेला माणूस, हातात नोकरीचे पत्र असलेला आणि अजून होकार न कळवलेला, आपल्याला क्वचितच भेटतो. लाखो घरांत घडलेला हा प्रसंग साहित्यात मात्र बहुधा पडद्याआड उरकला जातो.

ही जागा पूर्वीपासून अशी रिकामी होती का? माझे उत्तर नकारार्थी आहे. परदेशगमनाच्या आपल्या परंपरेच्या अगदी आरंभीचे कागद हे निर्णयाचेच कागद आहेत. पुढे आपण ते शौर्याचे कागद म्हणून वाचू लागलो, आणि त्यांतला हिशेब नजरेआड झाला.

त्यांतला पहिला कागद नोकरीच्या चौकशीचा आहे. टपाल खात्यातले कारकून गोपाळराव जोशी यांनी कोल्हापुरात असताना अमेरिकेतील मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याकडे चौकशी केली होती. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनचे काम करीत होते आणि नंतर प्रिन्स्टनला परतले होते. पत्नीला शिकायचे आहे, तिची तिथे काही सोय होईल का, आणि आपल्याला तिथे एखादी नोकरी मिळेल का, असे ते दुहेरी विचारणे होते. उत्तरात नोकरी आली नाही. ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा सल्ला मात्र आला. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल येथल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी 1880 मध्ये तो अंक दंतवैद्याकडे ताटकळत असताना चाळला. तिथून पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

सर्वांना ठाऊक असलेल्या त्या गोष्टीतून एक तपशील गळतो. मूळ बेत दोघांचा होता, आणि त्यात घराचा खर्च भागवायला नवऱ्याची नोकरी होती. नोकरी जमली नाही आणि बेताचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे पत्नीचे शिक्षण, तेवढा शिल्लक राहिला. आनंदीबाईंचे एकट्याने जाणे हे पहिल्यापासून योजलेले धाडस नव्हते. फसलेल्या कौटुंबिक बेतातून उरलेला तो एक मार्ग होता. हे ध्यानात ठेवले की 24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत केलेले भाषण वेगळे दिसू लागते.

त्या वेळी त्यांचे वय अठराला महिनाभर कमी होते. भाषणाची बांधणी वकिली आहे. लोक आपल्याला जे विचारतात त्याचे सहा प्रश्न त्यांनी पाडले आणि एकेकाला क्रमाने उत्तर दिले. अमेरिकेला का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही का? एकट्याच का? परत आल्यावर जात बाहेर टाकणार नाही का? काही अघटित घडले तर काय कराल? आणि जे आजवर आपल्यांतल्या कोणत्याच स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वाचकाला अपेक्षित असतात तशी आहेत. देशात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि ते शिक्षण घेण्यासाठी मी पुढे होते, हे पहिले. इथल्या वर्गांतले शिक्षण अपुरे आहे आणि हिंदू राहून शाळेत जाणाऱ्या बाईला रस्त्यावर जे सोसावे लागते ते असह्य आहे, हे दुसरे. इथे त्यांनी दगड, थुंकणे, खुणा यांचा उल्लेख कसलाही आव न आणता केला आहे. परदेशी जाण्याची कारणे सांगताना आपण तिकडच्या संधीबद्दल बोलतो आणि इकडच्या जाचाबद्दल गप्प बसतो. आनंदीबाईंनी दोन्ही बाजू एकाच पानावर मांडल्या.

माझ्या मते या भाषणाचा गाभा तिसऱ्या उत्तरात आहे, आणि नेमके तेच सर्वांत कमी वाचले गेले आहे. दोघांनी जायचे आधी ठरले होते, हे त्या सांगतात. पैसे पुरेसे नाहीत, पण एवढेच कारण नाही, असेही सांगतात. पतीवर वृद्ध आईवडील आणि धाकटी भावंडे अवलंबून आहेत. ते निघाले तर एका जिवाच्या सोबतीसाठी इतक्या जणांना उपाशी ठेवल्यासारखे होईल, म्हणून मी एकटी जाते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इथे एकटेपणाला स्वातंत्र्य म्हणून गौरवलेले नाही आणि त्याग म्हणूनही ओवाळलेले नाही. घरातल्या तोंडांची संख्या आणि टपाल खात्याचा पगार यांची वजाबाकी केल्यावर जे उरले, ते हे एकटेपण. एकाला जाता यावे म्हणून दुसऱ्याला नोकरीवर टिकून राहावे लागते, हे सूत्र मराठी माणसाच्या परदेशगमनात पुढे वारंवार दिसते. 1883 साली ते भर सभेत, ज्या स्त्रीला ते लागू होते तिच्याच तोंडून, मांडले गेले.

चौथ्या उत्तरात एक वचन आहे. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. अन्न, वस्त्र, रीत यांत बदल करणार नाही. बहिष्कार टाकायचाच असेल तर आत्ताच का टाकत नाही? सभेत हे बाणेदार वाटले असणार. पण समीक्षकाने वचनाकडे करार म्हणूनही पाहिले पाहिजे. जाण्याची परवानगी मिळवताना माणूस मागच्यांना काय लिहून देतो, आणि त्याची वसुली कुठे होते? फिलाडेल्फियाच्या थंडीत, परक्या स्वयंपाकाच्या देशात, हे वचन पाळताना त्यांची प्रकृती ढासळत गेली. ते एकच कारण होते असे नाही. क्षयाला कारणे अनेक असतात. पण निर्णयाच्या वेळी दिलेल्या शब्दाला किंमत असते आणि ती शरीरालाही मोजावी लागते, हे या चरित्रात स्पष्ट दिसते. 11 मार्च 1886 रोजी त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, पण रुजू होण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. संकटे कुठेही येतात, त्यांच्या भीतीने कर्तव्य सोडू नये, हे त्यांचे पाचवे उत्तर वाचकाला पुन्हा उघडून पाहावे लागते ते इथे.

भाषणाला प्रसिद्धी मिळाली, मदतीचा निधी जमू लागला, व्हाइसरॉयनीही त्यात 200 रुपये दिले. मग मराठीने या भाषणाचे काय केले? चरित्रांतून ते धैर्याचा पुरावा झाले. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (1968) या गाजलेल्या कादंबरीने गोपाळरावांच्या विक्षिप्त, हट्टी स्वभावाला मध्यभागी आणले. कादंबरी म्हणून ती निवड योग्यच होती. त्या माणसात नाट्य आहे. परिणाम मात्र असा झाला, की जाण्याचा निर्णय म्हणजे एका माणसाचा ध्यास, हे समीकरण वाचकांच्या मनात पक्के बसले. विचारपूर्वक, प्रश्न पाडून, हरकती मांडून घेतलेला निर्णय मागे सरला. त्या भाषणातली अठरा वर्षांची मुलगी कोणाच्या ध्यासाची बाहुली वाटत नाही. ती समोरच्याची प्रत्येक हरकत त्याच्यापेक्षा नीट मांडते आणि मग उत्तर देते.

याच 1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथून पत्ररूपाने ‘इंग्लंडचा प्रवास’ लिहून आपल्या जाण्याची कैफियत मांडली. पुढे त्यांनी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवले. दोन लेखनांतला फरक एवढाच नोंदवतो : रमाबाईंचे समर्थन पोहोचल्यानंतरचे आहे, आनंदीबाईंचे निघण्याआधीचे. निघण्याआधी लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. या प्रकारच्या लेखनाचे मोल तिथे आहे.

नोकरीच्या अंगाने पाहता सर्वांत बोलके उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. 1899 मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते गोव्यातून बाहेर पडले. काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश फिरून पाली भाषेचे पंडित झाले. कलकत्ता विद्यापीठात त्यांना चांगल्या वेतनाचे काम होते. ते सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा 50 रुपये पत्करले, कारण त्यामुळे महाराष्ट्रात राहून काम करता येणार होते. आणि याच माणसाने 1910 मध्ये हार्वर्डचे निमंत्रण स्वीकारले. ज्याने आपल्या भाषेच्या मुलखात राहण्यासाठी पगार सोडला, तो अमेरिकेला का गेला? उत्तर कामात आहे. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली होती, आणि ती पुरी करू शकणारी माणसे जगात मोजकी होती.

पण या निर्णयाला आणखी एक बाजू होती. आवृत्तीवर कोणाचे नाव कसे छापायचे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि 1912 मध्ये कोसंबी परतले. पुढे ते आणखी तीनदा हार्वर्डला गेले. 1918 च्या खेपेस मुलांना बरोबर घेऊन. तरीही हार्वर्डची आवृत्ती प्रसिद्ध झाली ती 1950 मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात 1940 मध्ये त्यांनी आपली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनातर्फे काढून टाकली होती. आनंदीबाईंच्या सहा प्रश्नांत नसलेला सातवा प्रश्न कोसंबींच्या आयुष्याने विचारला : परक्या संस्थेत मी जे करीन, त्यावर नाव कोणाचे असेल? पगार, हवामान, जेवण यांची चौकशी सगळे करतात. ही चौकशी कोणी करत नाही.

कोसंबींचे ‘निवेदन’ (1924) मी वारंवार वाचतो ते त्यातल्या चाचपडण्यासाठी. घर सोडावे की नाही, परत फिरावे का, मागे ठेवलेल्या माणसांचे काय, ही ओढाताण त्यांनी लपवली नाही. यशस्वी माणसाच्या आत्मचरित्रात निर्णय सहसा अटळ वाटू लागतात. ‘निवेदना’त ते अटळ वाटत नाहीत, दुसरे काही घडू शकले असते, अशी जागा राहते.

ही जागा पुढे बुजली. 1965 च्या अमेरिकी कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी भिंत पाडली आणि डॉक्टर-इंजिनियरांची रांग लागली. त्याच सुमाराच्या मराठी लेखनात निर्णय मात्र आढळत नाही. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’त नाना-नानींचा एक मुलगा अमेरिकेत आहे. नाटक सुरू होते तेव्हा तो गेलेलाच आहे. त्याने काय तोलले, काय टाळले, हे आपल्याला कळत नाही. आपण फक्त रिकामे घर पाहतो. नाटक थोर आहे, पण त्याने मराठी प्रेक्षकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले आणि एका बाजूचीच साक्ष ऐकवली. दुसरी साक्ष अपर्णा वेलणकरांच्या ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’सारख्या पुस्तकात पुष्कळ पुढे, 2007 मध्ये आली. उपाहारगृहातला साधा प्रश्न त्यांनी शीर्षकाला घेतला, हे अचूक आहे; पण तो प्रश्नही तिथे पोहोचलेल्यांना विचारलेला आहे.

असे का झाले असावे? माझा तर्क असा, की मधली तीस-चाळीस वर्षे मध्यमवर्गाला हा प्रश्न वाटतच नव्हता. निवड झाली, व्हिसा मिळाला, की जायचेच, पेढे वाटायचे. उत्तर आधी ठरलेले असले की प्रश्नाचे साहित्य निर्माण होत नाही.

आणि ज्यांच्यासाठी तो प्रश्न सतत जिवंत होता, ते आमच्या साहित्याच्या वर्तुळाबाहेर होते. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून, गोव्यातून माणसे आखातात गेली आणि जात आहेत. दहावी न झालेल्या कामगाराला 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली तिकडच्या देशांसाठी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. करार ठरावीक मुदतीचा, कुटुंब बहुधा मागेच. दर कराराच्या शेवटी पुन्हा तोच प्रश्न : परतायचे की अजून दोन वर्षे? अमेरिकेचा निर्णय आयुष्यात एकदा होतो, आखाताचा दर दोन वर्षांनी. तरी दिवाळी अंकांतल्या परदेशात न्यू जर्सी वारंवार येते, दोहा-कुवेत क्वचित. हा अभिरुचीचा प्रश्न नसून कोणाच्या हिशेबाला आपण साहित्य मानतो याचा आहे.

आता मात्र मध्यमवर्गालाही हिशेब करावा लागतो आहे. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा 65,000, आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठी आणखी 20,000. कायम वास्तव्याच्या परवान्यात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. माझ्या एका भाच्याला गेल्या वर्षी जर्मनीतून नोकरीचे पत्र आले तेव्हा घरात बैठक बसली. आईचे गुडघे, घराचे कर्ज, भाषा, बायकोची शाळेतली नोकरी, सगळे निघाले. अखेर तो एकटा गेला. बायको राहिली, कारण कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जातो. सेरामपूरच्या भाषणातले तिसरे उत्तर, फक्त भूमिका बदललेल्या. त्या बैठकीत कोणालाही आनंदीबाई आठवल्या नाहीत, यात नवल नाही. आपण त्यांना पुतळ्याच्या चौथऱ्यावर ठेवले आहे, आणि चौथऱ्यावरच्या माणसाला कोणी सल्ला विचारत नाही.

समीक्षेने इथे एक साधे काम करावे. गोपाळरावांची चौकशी, आनंदीबाईंचे भाषण, रमाबाईंचे पत्र आणि ‘निवेदना’तली ओढाताण हे एकाच प्रकारचे लेखन आहे, हे मान्य करावे. शेवट ठाऊक नसताना, मागच्यांची आणि पुढच्यांची नावे घेऊन केलेला हिशेब, अशी त्याची व्याख्या करता येईल. त्याची कसोटी धाडस किती हे नसून, कोणती हरकत लपवली नाही हे असावी. त्या कसोटीवर अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर केलेले एक भाषण अजून आपल्या पुष्कळ कथा-कादंबऱ्यांच्या पुढे आहे. आणि या परंपरेच्या मुळाशी असलेला नोकरीचा अर्ज नामंजूर झाला होता, हेही लक्षात ठेवावे. ज्यांना जाता आले नाही, किंवा ज्यांनी जायचे नाही असे ठरवले, त्यांची पाने या प्रकारात अजून लिहायची आहेत.