‘माझी सर्वोत्तम मंगा’: आवड सांगायची, तर पुरावा काय?

काटोलहून नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये, होस्टेलच्या मेसमध्ये, लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज थांबायची वाट बघताना एक वाद मी इतक्या वेळा ऐकलाय, की तो कुठे जाऊन अडकणार हे आता आधीच कळतं. वाद साधा आहे: सगळ्यात भारी मंगा कोणती? एक जण म्हणतो ‘वन पीस’, कारण १९९७ पासून सुरू आहे, शंभरावर खंड झाले, तरी लोक वाचतायत. दुसरा म्हणतो ‘बर्सर्क’, कारण तसं चित्र काढणारा दुसरा दाखवा. तिसरी म्हणते ‘फुलमेटल अल्केमिस्ट’, कारण तिचा शेवट नीट झाला. चौथा ‘डेथ नोट’वर अडून बसतो, कारण त्याने मंगा वाचायला सुरुवातच तिथून केली.

अर्ध्या तासाने कुणीतरी म्हणतं, “जाऊ दे ना, हे माझं पर्सनल बेस्ट आहे.” आणि वाद संपतो.

तुम्ही पेटची किंवा नेटची तयारी करत असाल, उद्या संशोधनाला लागणार असाल, तर हा वाद नीट बघून घ्या. यात जी गडबड होते तीच पुढे सिनॉप्सिसमध्ये होते. आणि माझं म्हणणं असं, की ‘पर्सनल’ हा शब्द उच्चारला की वाद संपायला नको. खरं तर तिथून तो सुरू व्हायला पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. बहुतेक काळ्या-पांढऱ्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. आधी साप्ताहिकात किंवा मासिकात प्रकरण-प्रकरण येतात, मग त्यांचे खंड निघतात.

आता त्या चौघांकडे परत या. ते एकमेकांशी भांडतायत असं वाटतं, पण प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजतोय. पहिला टिकून राहणं मोजतो, दुसरा रेखाटन, तिसरी रचना, आणि चौथा स्वतःची आठवण. आपल्याकडच्या संत्र्याचंच घ्या ना. ‘सगळ्यात चांगलं संत्रं कोणतं?’ असं विचारलं तर व्यापारी आकार आणि रंग बघेल, रस काढणारा रस बघेल, बागवाला झाडाने किती धरलं ते सांगेल, आणि घरी लहान पोरगं गोडी सांगेल. चौघंही खरं बोलतात, फक्त प्रश्न एक नाही. संशोधनात याला आपण निकष आधी ठरवणं म्हणतो. आधी उत्तर आणि मग त्याला जुळेल असा निकष, हा उलटा प्रवास झाला. रिव्ह्यूअरला तो लगेच दिसतो.

दुसरी गडबड जास्त लपलेली आहे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’वर भांडणाऱ्या पाच जणांना विचारा, तुम्ही नक्की काय वाचलं? बरेचदा उत्तर येतं की वाचलं नाही, अॅनिमे पाहिला. ठीक आहे, पण कोणता? हिरोमू अराकावा यांची मंगा २००१ ते २०१० अशी चालली. २००३ मध्ये पहिला अॅनिमे आला तेव्हा मंगा अर्धवट होती, म्हणून त्याची गोष्ट पुढे वेगळ्याच वाटेने गेली. २००९ चा अॅनिमे मंगाच्या जवळ राहिला. म्हणजे ‘शेवट भारी आहे’ आणि ‘शेवट गंडला आहे’ म्हणणारे दोघं दोन वेगळ्या कृतींबद्दल बोलत असू शकतात. नमुना कुठला ते न सांगता निष्कर्ष मांडला की असं होतं.

आता माझी कबुली. बरीच वर्षं मला कुणी विचारलं की मी ‘बर्सर्क’ सांगायचे. केंतारो मिउरा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली ही मंगा ६ मे २०२१ ला त्यांचं निधन झालं तेव्हा अपुरीच होती. हे नाव घेतलं की समोरचा मान डोलावतो, आपण गंभीर वाचक ठरतो. एकदा एका ज्युनिअर मुलीने सहज विचारलं, “ताई, त्यातलं कोणतं पान?” मला सांगता येईना. काही खंड वाचले होते, चित्रं थरारक वाटली होती, पण ‘सर्वोत्तम’ हे विशेषण मी दुसऱ्यांच्या तोंडून उचललं होतं. त्याच वर्षी पीएचडीच्या मुलाखतीत ‘हाच विषय का?’ या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं, तेही असंच ऐकीव होतं. समोरच्या बाईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि माझं उत्तर तिथेच संपलं.

म्हणून आता स्वतःलाच तपासते. माझी सर्वोत्तम मंगा ओसामू तेझुका यांची ‘बुद्ध’. १९७२ ते १९८३ अशी ती चालली. इंग्रजी भाषांतर आठ खंडांत आहे, मी तेच वाचलं. तेझुका (१९२८ ते १९८९) वैद्यकशास्त्र शिकलेले होते, आणि तुम्हाला गंमत वाटेल, गोगलगायीच्या शुक्रपेशींवर काम करून १९६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेटही मिळवली होती. मंगा काढता काढता! (हे घरी सांगू नका, ‘बघ, त्यांचं झालं, तुझं कधी?’ सुरू होईल.)

आता पुरावा. पहिला मुद्दा, धीर. नाव ‘बुद्ध’, पण पहिल्या खंडाचा बराचसा भाग सिद्धार्थाशिवाय जातो. तिथे आहे चाप्रा, एक गुलाम मुलगा, जो जन्म लपवून सेनापतीचा मुलगा म्हणून वाढतो. आणि तत्ता, अस्पृश्य ठरवलेला पोरगा, जो प्राण्यांच्या शरीरात शिरू शकतो. ही दोन्ही पात्रं तेझुकांनी कल्पनेतून घेतली. चाप्राचं खरं कूळ उघड होतं आणि शेवटी आई व मुलगा दोघंही मारले जातात. बुद्ध येण्याआधी बुद्धाची गरज का होती, हे लेखकाने भाषण न देता दाखवलं. थीसिसचं पहिलं प्रकरण असं असावं: उपाय सांगण्याआधी प्रश्न वाचकाच्या अंगावर यावा.

दुसरा मुद्दा नरदत्ताचा. हा भिक्षू एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी औषध पोहोचवायला एकामागून एक प्राणी वापरतो, आणि ते प्राणी मरतात. त्याचा गुरू त्याला सांगतो की एका जिवासाठी तू इतके जीव घेतलेस, आता तू जनावरासारखा जगशील. पुढे अनेक पानांवर तो चार पायांवर रांगताना दिसत राहतो. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिक समितीची मंजुरी हा माझ्यासाठी एक फॉर्म होता. हे वाचल्यानंतर तो नुसता फॉर्म राहिला नाही. माझं मत बदललं असं नाही, प्राण्यांवरचे प्रयोग गरजेचे असतात असंच मला वाटतं. पण किती प्राणी लागतील तो आकडा लिहिताना हात थांबतो.

तिसरा मुद्दा अस्सजी. पाली परंपरेत अस्सजी हा पहिल्या पाच शिष्यांपैकी एक. तेझुकांनी नाव ठेवलं आणि त्याला शेंबडा, मंद वाटणारा पोरगा केलं, ज्याला स्वतःच्या मृत्यूचा दिवस माहीत आहे. तो दिवस येतो आणि तो शांतपणे लांडग्यांच्या पिल्लांचं अन्न होतो. तोवर ज्याला आपण विनोदी पात्र समजून हसलो, त्याच्याच बाबतीत हे घडतं. ते पान मला अजून आठवतं. ‘कोणतं पान?’ याला आता माझ्याकडे उत्तर आहे.

इथे थांबले असते तर ही जाहिरात झाली असती. आता दोष.

आपण नागपूर जिल्ह्यातले वाचक. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे धम्मदीक्षा घेतली, ती दीक्षाभूमी आपल्यापासून बसने दीड-दोन तासांवर. आपल्या आजूबाजूच्या घरांत बुद्ध ही शोभेची मूर्ती नाही, तो जगण्यातला निर्णय आहे. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच ते विचारतात, सिद्धार्थाने घर का सोडलं? म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पहिल्यांदाच दिसलं म्हणून, हे उत्तर त्यांना पटत नाही, कारण एकोणतीस वर्षांच्या माणसाने हे आधी पाहिलंच नव्हतं कसं मानायचं? त्यांच्या मांडणीत कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यातला झगडा, आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध. धर्मानंद कोसंबींनीही त्याआधी ‘भगवान बुद्ध’मध्ये दाखवलं होतं, की ती प्रसिद्ध दृश्यांची कथा मुळात विपस्सी बुद्धाबद्दल महापदान सुत्तात येते.

हे वाचून तेझुकांकडे परत गेले आणि एक फट दिसली. त्यांचा सिद्धार्थ लहानपणापासून मृत्यूच्या कोड्याने अस्वस्थ आहे. चाप्रा आणि तत्ता यांच्या रूपाने जातीची व्यवस्था पहिल्याच खंडात समोर उभी केली, पण सिद्धार्थाचा शोध मुख्यतः मरण, वेदना आणि सर्व जिवांचं नातं याकडे वळतो. माणसाने माणसावर लादलेलं दुःख हळूहळू सृष्टीतल्या सगळ्या दुःखात विरघळून जातं. नरदत्ताची शिक्षाही कर्मफळाच्या हिशेबावर उभी आहे, आणि पूर्वकर्माच्या या हिशेबाशीच बाबासाहेबांचा वाद होता. तत्ता शेवटी सूड सोडू शकत नाही आणि लढाईत मरतो. तेझुका याकडे शोकांतिका म्हणून बघतात. मला मात्र विचारावंसं वाटतं, त्याच्या रागाला या पुस्तकाने पुरेसं उत्तर दिलं का? मला वाटतं, नाही दिलं. शिवाय स्त्री पात्रं बरेचदा कुणाच्या तरी प्रेमापुरती येतात, आणि गंभीर प्रसंगात मध्येच घुसणारे आधुनिक विनोद प्रत्येक वेळी जमत नाहीत.

मग ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ जास्त चांगली नाही का? रचनेच्या निकषावर, हो. २७ खंड, आणि जवळजवळ काहीही वाया जात नाही. सुरुवातीलाच नियम सांगितला जातो की काही मिळवायचं तर तेवढंच काही द्यावं लागतं. मग पूर्ण कथा त्या नियमाची परीक्षा घेते. भावाला परत आणण्यासाठी एडवर्ड शेवटी स्वतःची किमयाच देऊन टाकतो. गृहीतक, चाचणी, दुरुस्ती. कुणी मला ‘सगळ्यात चांगली बांधलेली मंगा’ विचारली तर मी ‘बुद्ध’ नाही, हीच सांगेन. पण तिने उभे केलेले प्रश्न तिनेच सोडवले. मी खंड मिटला, समाधानाने झोपले. ‘बुद्ध’ने मला लायब्ररीत पाठवलं, कोसंबी वाचायला लावले, आणि मग स्वतःवरच शंका घ्यायला लावली. माझ्या ‘वैयक्तिक’चा निकष हा आहे. तो तुम्हाला मान्य नसेल, पण आता तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकता. ‘पर्सनल आहे’ एवढंच म्हटलं असतं तर तुम्हाला धरायला काही मिळालं नसतं.

यातून मी एक कसोटी घेतली आहे. जी कृती सर्वोत्तम म्हणता, तिचे दोन खरे दोष तुम्हाला सांगता आले पाहिजेत. सांगता येत नसतील तर बहुतेक ती तुम्ही अजून नीट वाचलेली नाही, तिचं नाव ऐकलंय. तुमच्या आवडत्या सिद्धांताचं, आवडत्या पेपरचं आणि गाइडने सुचवलेल्या विषयाचंही असंच आहे.

तर पुढच्या वेळी मेसमध्ये हा वाद निघाला की एक करून बघा. नाव सांगण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: मी काय मोजतोय किंवा मोजतेय, कोणतं पान पुरावा म्हणून दाखवेन, आणि ही कृती कुठे कमी पडते. मग नाव सांगा. तोच कागद उलटा करून मागे तुमच्या संशोधनाच्या विषयासाठी त्याच तीन ओळी लिहा. मागची बाजू कोरी राहिली तर घाबरू नका, माझीही राहिली होती. फक्त मुलाखतीच्या आधी ती भरा.