अर्ध्या मैदानावरचा पुरा खेळ

कवीच्या चरित्रावरून त्याच्या काव्याची किंमत करूं नये, हें आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. परंतु घरीं वर्तमानपत्र हातांत घेतल्यावर हा नियम आम्ही स्वतः किती पाळतों याची परीक्षा एका खेळाडूच्या निमित्तानें झाली, आणि तींत आम्ही सपशेल नापास झालों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें स्वित्झर्लंडांतील बासल येथें पी. व्ही. सिंधू यांनीं बॅडमिंटनचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां आमच्या घरीं पेढे आले. त्याच शहरीं, त्याच सुमारास, आणखी एका भारतीय स्त्रीनें पॅरा-बॅडमिंटनचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें होतें, आणि ती मुंबईच्या अणुशक्तिनगरांत वाढलेली होती, ही वार्ता आम्हांस आठ दिवसांनीं एका विद्यार्थिनीकडून समजली. त्यावर आमच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो, "अरेरे, पाय कशानें गेला?" तिनें त्या प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. अंतिम सामन्याचे गुण तेवढे सांगितले : २१-१२, २१-७.

मानसी जोशी यांच्याविषयीं त्यानंतर पुष्कळ लिहिलें गेलें व आम्हीं तें बहुतेक वाचलें. एक अभियंता मुलगी, २ डिसेंबर २०११ रोजीं स्कूटरवरून कामाला जात असतां ट्रकचा अपघात, डावा पाय गमावणें, कृत्रिम पाय, जिद्द आणि सुवर्णपदक, असा तो क्रम ठरून गेलेला आहे. २०२० सालीं 'टाइम' नियतकालिकाच्या आशियाई आवृत्तीनें त्यांस मुखपृष्ठावर घेतलें. त्याच वर्षीं त्यांच्या रूपाची एक बार्बी बाहुलीही निघाली. कृत्रिम पायाची बाहुली एखाद्या मुलीच्या दृष्टीस पडली तर त्यांत वाईट कांहींच नाहीं. उलट चांगलेंच आहे. आमची तक्रार निराळी आहे. या सगळ्या लेखनांत खेळाच्या वांट्यास एखादेंच वाक्य येतें. अपघाताला तीन परिच्छेद, इस्पितळाला दोन, आणि ज्या कौशल्यासाठीं ही व्यक्ति जगाला ठाऊक झाली तें कौशल्य कशांत आहे, याला जागा नाहीं! 'दिव्यांग' या शब्दाचेंही आम्हांस थोडें भय वाटतें. देव्हाऱ्यांत बसविलेल्या माणसाचा बॅकहॅण्ड कसा आहे हें कोणी पाहत नाहीं.

तो खेळ पाहूं. मानसीबाईंचा वर्ग इंग्रजी अक्षरांत 'एस. एल. ३' असा लिहितात : उभ्यानें खेळणारे, परंतु पायांच्या व्यंगामुळें ज्यांच्या चालण्याधावण्याचा तोल बाधित झाला आहे असे खेळाडू. यांची एकेरी मैदानाच्या उभ्या अर्ध्या भागांत होते. एवढें ऐकून आमच्या एका स्नेह्यांनीं "म्हणजे निम्मा खेळ" असा शेरा मारला. त्यांस आम्ही विचारलें, ओवी ही शार्दूलविक्रीडितापेक्षां आखूड आहे, म्हणून ती निम्मी कविता होते काय? शिवाय मैदानाच्या रेषा कांहीं वेदांत सांगितलेल्या नाहींत. या खेळाचे आरंभींचे नियम गेल्याच्या मागल्या शतकांत इंग्रज लष्करी लोकांनीं पुण्यास बांधले, व खेळाला कांहीं काळ 'पूना' असेंच नांव होतें. त्या वेळचें मैदान डमरूसारखें मध्यें निमुळतें असे. तें सरळ चौकोनी झालें १९०१ सालीं.

अर्ध्या मैदानांत जाळें तितकेंच उंच राहतें, आणि जाळ्यापासून मागच्या रेषेपर्यंतचें २२ फुटांचें अंतरही तितकेंच. कमी होते ती रुंदी. म्हणजे प्रतिस्पर्ध्यास डावीउजवीकडे पळवून गुण घेण्याची सोय बहुतांशीं गेली. उरलें तें पुढें खेंचणें आणि मागें लोटणें. शटल मागच्या रेषेपर्यंत उंच पाठवावें, पुढचें जाळ्यालगत अलगद टाकावें, आणि हें इतक्या वेळां करावें कीं समोरच्याचें पाऊल एकदां तरी उशिरां पडेल. आतां कृत्रिम पायावर सर्वांत अवघड काय असेल, तर मागें जाणें. घोट्याचा स्प्रिंगसारखा उपयोग नाहीं; पाऊल जमिनीस लागलें कीं नाहीं हें तळव्यानें कळत नाहीं. म्हणून शटल कोठें पडणार हें दुसऱ्यांपेक्षां आधीं ओळखावें लागतें. वडिलांच्या हाताखालीं लहानपणींच हा खेळ शिकल्यामुळें मनगट तयार होतें. पाय मात्र पुन्हां पहिलीच्या वर्गांत बसले. २०१५ मध्यें जागतिक स्पर्धेंत मिश्र दुहेरींत रौप्य, २०१७ मध्यें एकेरींत कांस्य, २०१८ पासून हैदराबादेस गोपीचंद यांच्या प्रबोधिनींत शिक्षण, आणि मग बासल. ही चढण एकाएकीं झालेल्या चमत्काराची नसून सरावाची आहे.

आणि बासलला समोर कोण होतें? पारुल परमार. गुजरातच्या या खेळाडूनें या वर्गावर कित्येक वर्षें राज्य केलें होतें, आणि गतवेळचें अजिंक्यपदही तिच्याकडेच होतें. मानसीबाईंनीं 'नियतीवर मात केली' असें जेव्हां लिहितात तेव्हां पारुलबाई चित्रांतून नाहींशा होतात. मात नियतीवर केली नाहीं. चाळिशी उलटलेल्या एका अनुभवी, निष्णात प्रतिस्पर्धिनीवर केली, आणि दुसऱ्या गेममध्यें तिला सातापुढें जाऊं दिलें नाहीं. आमच्या मतें ही त्या कारकीर्दीची खरी स्तुति होय.

यापुढचा भाग बोधकथाकारांस अडचणीचा, म्हणून तो ते गाळतात. २०२१ सालीं टोकियोच्या पॅरालिंपिकमध्यें बॅडमिंटनला प्रथमच प्रवेश मिळाला. 'एस. एल. ३' पुरुष एकेरी तेथें होती. तींत आपल्या प्रमोद भगत यांनीं सुवर्णपदक मिळविलें. स्त्रियांची त्या वर्गाची एकेरी कार्यक्रमांत ठेवलीच नव्हती! दोन वर्षांपूर्वीं जगज्जेतेपद मिळविलेल्या स्त्रीला तें पद घेऊन उभें राहण्यास तेथें मैदानच नव्हतें. अपघातास आपण दैव म्हणूं. कार्यक्रमपत्रिका ही माणसांनीं केलेली असते. तिजबद्दल जितका संताप व्हावयास हवा होता तितका आपल्याकडे कोणास झाला नाहीं, आणि त्यांत आम्हीही आलों. ट्रकची गोष्ट रंगवून सांगण्यांत आपण गुंग होतों.

२०२२ मध्यें त्या जागतिक क्रमवारींत पहिल्या झाल्या. ती एकेरी शेवटीं २०२४ मध्यें पॅरिसला आली, तेव्हां मानसीबाई पस्तीस वर्षांच्या होत्या. पहिला सामना इंडोनेशियाच्या कोनिता सियाकुरो हिच्याशीं, दुसरा युक्रेनच्या ओक्साना कोझिना हिच्याशीं. दोन्हीं सामन्यांत पहिला गेम यांनीं जिंकला, दोन्हीं सामने तिसऱ्या गेमपर्यंत गेले, दोन्हीं हरले. कोझिनाविरुद्धचा शेवटचा गेम २१-२३ असा गेला. इंडोनेशियाची ती मुलगी पुढें रौप्यपदक घेऊन घरीं गेली. गटांतच स्पर्धा संपली म्हणून दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत याला तीन ओळी मिळाल्या, कारण पराभवाची प्रेरणादायी कथा करतां येत नाहीं. आम्हांस मात्र ते दोन सामने बासलइतकेच वाचनीय वाटतात. पहिल्या गेममध्यें २१-१० असें वर्चस्व असतांना दुसऱ्यांत काय बदललें? दमणूक, कीं समोरचीनें शटलची लांबी वाढविली? २० च्या पुढें गेल्यावर कोणता फटका चुकला?

क्रिकेटच्या एकेका षटकावर स्तंभच्या स्तंभ लिहिणारे लेखक मराठींत आहेत. त्यांपैकीं ज्या कोणास बॅडमिंटन कळतें त्यानें पॅरिसच्या त्या तिसऱ्या गेमवर, त्याच्या चव्वेचाळीस गुणांवर, एक लेख लिहावा. आमच्या मासिकाचीं पानें त्यासाठीं मोकळीं आहेत.