लाभार्थी मोजले, लाभ कोणी मोजला?

महाविद्यालयांच्या कारभारात 'विद्यार्थी साहाय्य' हा शब्द आता चांगला रुळला आहे. नॅकच्या मूल्यांकनातील सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती यांचाच आहे. शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, तक्रार निवारण असे त्याचे पोटभाग. या निकषाखाली किती विद्यार्थ्यांनी लाभ घेतला याचा आकडा मागितला जातो आणि महाविद्यालये तो देतात. नोकरी व पुढील शिक्षण यांची टक्केवारीही द्यावी लागते. पण ती टक्केवारी योजनेमुळे वाढली, की योजना नसती तरी तेवढीच राहिली असती, हे त्यातून कळत नाही.

वैद्यकीय संशोधनाने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. औषध घेतलेले शंभरपैकी साठ रुग्ण बरे झाले, एवढ्याने औषध सिद्ध होत नाही. औषधाशिवाय किती बरे झाले असते, हे माहीत असावे लागते. म्हणून रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करतात आणि एका गटाची दुसऱ्याशी तुलना करतात.

याचे उत्तम उदाहरण शेजारच्या गोव्यातले आहे. 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी घेतली. २०१७ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. एका गटाला केंद्रातील नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. दुसऱ्या गटाला त्याबरोबर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन दिले, तेही मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

यातला ३९ हा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो. तुलनेचा गट नसता, तर ६४ टक्क्यांचे सगळे श्रेय समुपदेशनाला गेले असते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येतात ते २५ टक्के. हे यश मोठेच आहे, पण ते मोजूनमापून सांगितलेले आहे. आपल्या महाविद्यालयांचे अहवाल नेहमी ६४ सांगतात. ३९ शोधायला कोणी जात नाही.

दुसरी चाचणी शिक्षणसंस्थांशी थेट संबंधित आहे. याच संस्थेशी निगडित संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम राबवला ('लॅन्सेट', २०१८). काही शाळांत तो नेमलेल्या समुपदेशकाने चालवला, काही शाळांत तेथील शिक्षकाने, तर उरलेल्या शाळांत तो नव्हता. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकाने चालवलेल्या शाळा मात्र कार्यक्रम नसलेल्या शाळांपेक्षा वेगळ्या दिसल्या नाहीत. कार्यक्रम तोच, माणूस बदलला आणि फळ गेले.

हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणता येणार नाही. नववीची मुले वेगळी आणि पदवीचे विद्यार्थी वेगळे. तरीही त्याने आपल्याला अस्वस्थ करायला हवे. मार्गदर्शक योजनेत वीस-पंचवीस विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या नावावर लिहिले जातात आणि समुपदेशन कक्षाचा भारही बहुधा एखाद्या प्राध्यापकावरच अतिरिक्त काम म्हणून पडतो. जो अंतर्गत गुण देतो, त्याच्यापाशी विद्यार्थी मन मोकळे करील का? सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, असे सांगितले. ती जागा कागदावर भरायची की खरोखर, हे आता संस्थांनी ठरवायचे आहे.

'कमवा व शिका' योजनेचेही तेच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना मोलाची आहे. मात्र तिचा लाभ घेणारे आणि न घेणारे यांची सरळ तुलना केली तर फसगत होते. तासिका संपल्यावर थांबून काम करणारा विद्यार्थी मुळातच टिकून राहणारा असू शकतो. सिन्नर, येवला, वैजापूरच्या बाजूच्या खेड्यांतून एसटीने कोपरगावला येणारी मुलगी शेवटच्या गाडीसाठी निघून जाते. ती या योजनेत येतच नाही. दुसऱ्या वर्षी ती वर्गातून गळाली, तर लाभार्थ्यांच्या यादीत तिची नोंद कुठे सापडणार?

असे संशोधन मोठ्या शहरांनीच करावे, हा आक्षेप महाडने खोटा ठरवला आहे. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तिथे विंचूदंशाच्या अवघ्या ७० रुग्णांवर प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष अशी तुलना केली. दहा तासांत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटातील ३५ पैकी ८. हे संशोधन २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापले.

तालुक्याच्या महाविद्यालयालाही हे जमेल. समुपदेशक सगळ्या विभागांना एकदम पुरत नसेलच. मग पहिल्या सत्रात कोणत्या विभागांपासून सुरुवात करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, उरलेल्यांना पुढच्या सत्रात सेवा द्यावी. कोणी कायमचा वंचित राहत नाही आणि तुलनेचा गट आपोआप मिळतो. दोन्हीकडची हजेरी, गळती आणि नैराश्याच्या प्रमाणित प्रश्नावलीची उत्तरे नोंदवावीत. त्यासाठी विद्यार्थ्याची संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत, आणि आत्महत्येचा विचार कोणी बोलून दाखवला तर गट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

निकाल शून्य आला तर? तोही छापावा. निरुपयोगी ठरलेले औषध आपण बंद करतो आणि दुसरे शोधतो. विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणाऱ्या योजनांनाही तोच न्याय लावायला हवा.