रिकार्डोच्या गणितातील न अडणारा माणूस

नागपुरात अर्थशास्त्र शिकवताना डेव्हिड रिकार्डोचा तौलनिक लाभाचा सिद्धांत मी अनेक वर्षे फळ्यावर मांडत आलो आहे. १८१७ साली त्याने दिलेले उदाहरण असे: ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसांचे श्रम लागतात, मद्यासाठी १२०, पोर्तुगालला कापडासाठी ९०, मद्यासाठी ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने मद्य करावे, इंग्लंडने कापड विणावे आणि अदलाबदल करावी, लाभ दोघांचाही. दुबळ्या देशालाही व्यापारात जागा आहे, हे यातले सत्य मी नाकारत नाही.

माझा आक्षेप गृहीताला आहे. श्रम देशाबाहेर सहज जात नाहीत, पण देशाच्या आत एका धंद्यातून दुसऱ्यात जातात, असे रिकार्डो मानतो. विणकर उद्या द्राक्षमळ्यात जाईल. त्याला कोणी अडवणार नाही. हे ‘कोणी अडवणार नाही’ आमच्या गावात कुठून आणायचे?

नागपूरच्या मुलखात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा एक प्रमुख धंदा होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस बाहेर जाऊ लागला, विलायती कापड आत येऊ लागले. १८८२ मध्ये त्यावरची जकात उठली. पुढे ती पुन्हा आली, तेव्हा १८९६ मध्ये साडेतीन टक्के जकातीच्या तोलासाठी देशी गिरणीच्या कापडावरही तेवढाच कर बसवला गेला. आणि हेच इंग्लंड १७२१ मध्ये हिंदी छिटांच्या वापरावर बंदी घालून बसले होते!

राष्ट्रवादी टीका येथे थांबते. आपण थांबू नये. माग बसला तेव्हा विणकराने जायचे कुठे?

१८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढे महार मजूर मोठ्या संख्येने गिरण्यांत शिरला. रोख मजुरीने गावकीची दावण सैल केली; म्हणून चरख्याकडे परत चला, हे उत्तर मला मान्य नाही. पण गिरणीतही जात आधीच पोचलेली होती. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात, म्हणजे विणाईत, अस्पृश्याला मज्जाव होता. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. त्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला विटाळ. मजुरी मात्र त्याच खात्यात चांगली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या माग चालले, त्यालाच मागापाशी बंदी! हा कोणता तौलनिक लाभ?

जात केवळ कामे वाटत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच उतरंडीत वाटते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवले. रिकार्डोवरची खरी टीका मला तेथे सापडते. ज्या देशात माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक नाही, त्या देशाच्या खुल्या व्यापाराचा लाभ एकाच्या पदरात पडतो आणि तोटा दुसऱ्याच्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी उठवले. वर्गात एकाने विचारले, “सर, बाहेरचा कापूस स्वस्त पडला तर आमच्या बापानं करायचं काय?” दुसरे काही करावे, असे पुस्तक सांगते. ते दुसरे करायला जमीन, शिक्षण आणि भांडवल कोणाच्या हाती आहे, हे पुस्तक सांगत नाही. जकातीचा वाद आपण जरूर घालावा. पण हा हिशेब मागितल्याशिवाय तो संपवू नये.