पहिली पंगत, जहाजावरची

बोट म्हटलं की आमच्या हिंगोलीच्या माणसाला प्रथम हाताचं बोट आठवतं. समुद्राशी आमचा काही संबंधच नाही. आमच्याकडे कयाधू आहे. ती चार महिने नदी असते आणि आठ महिने पायवाट. अशा गावच्या माणसानं जहाजावरच्या पक्वान्नांची समीक्षा लिहावी, हे काहींना आगाऊपणाचं वाटेल. पण ज्याच्यावर लिहायचं ते स्वतःला करता आलं पाहिजे, अशी अट मराठी समीक्षेनं आजवर कोणालाच घातलेली नाही. शिवाय माझा अधिकार निराळा आहे. मी पन्नासहून अधिक वर्षं पंगतीत बसतो आहे. आमच्याकडे लग्नाचं 'चूलबंद आवतण' असे. म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायचीच नाही, अख्ख्या घरानं मांडवात जेवायचं. असली शेकडो आवतणं मी निष्ठेनं पाळली. पुढे डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा कागद पुढे धरून "हे काय हो?" असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "संदर्भग्रंथ."

धाकटा मुलगा अमेरिकेत असतो. गेल्या हिवाळ्यात त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि फ्लोरिडातल्या एका बंदरातून सात दिवसांच्या सफरीसाठी जहाजात बसवलं. जहाज कसलं, औंढा नागनाथाची महाशिवरात्रीची यात्राच उचलून पाण्यावर ठेवलेली! तशीच गर्दी, तसेच दिवे, तशीच चुकलेली मुलं. फरक एवढाच की इथे दर दहा पावलांवर खायला होतं आणि पैसे कोणी मागत नव्हतं. ते मुलाकडून आधीच घेतले होते. किती, हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही आणि मीही विचारण्याचं धाडस केलेलं नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. जहाजावरच्या गोडाला चांगला इतिहास आहे. टायटॅनिक हिमनगावर आदळलं त्या दिवसाचे, म्हणजे १४ एप्रिल १९१२ चे, जेवणाचे कागद शिल्लक राहिले आहेत. त्या रात्री पहिल्या वर्गाला वॉल्डॉर्फ पुडिंग, जेलीतले पीच, एक्लेअर आणि फ्रेंच आइस्क्रीम होतं. दुसऱ्या वर्गाला रात्री प्लम पुडिंग होतं आणि तिसऱ्या वर्गालाही दुपारी प्लम पुडिंगच होतं. म्हणजे पानातल्या गोडावरून माणसाची पंगत ओळखावी, हा नियम साहेबाच्या जहाजावरही चालत होता. हे वाक्य मी मोठ्या समाधानानं वहीत टिपून ठेवलं. ते माझ्याच अंगावर येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पुढे विमानं आली. कामासाठी समुद्र ओलांडणारी माणसं वरून जाऊ लागली आणि जहाजं मौजेसाठी उरली. या मौजेच्या जहाजांनी गोडाच्या दोन परंपरा रुजवल्या. एक मध्यरात्रीच्या बुफेची. बर्फाचे कोरलेले हंस, कलिंगडाची फुलं, आणि त्यांच्यामध्ये केकांचे मनोरे. रात्रीचं जेवण झाल्यावर चार तासांनी माणसं पुन्हा जेवायची. ही परंपरा पुष्कळ जहाजांवरून आता गेली आहे. दुसरी परंपरा बेक्ड अलास्काच्या मिरवणुकीची. तिच्याकडे येतोच.

त्याआधी नित्याच्या पदार्थांबद्दल. पहिल्या रात्री चॉकलेटचा एक गरम केक आला. चमचा लावताच आतून ओला रस वाहू लागला. सौ. म्हणाली, "अहो, हा आतून कच्चा राहिलाय. त्या पोराला सांगा, अजून पाच मिनिटं ठेव म्हणावं." मुलानं समजावलं की तो मुद्दामच तसा ठेवतात. ती म्हणाली, "माझी पोळी अशी राहिली असती तर तुझ्या आजीनं मुद्दाम म्हटलं नसतं." दुसऱ्या रात्री ब्रेड पुडिंग. शिळ्या पावाचं दूध-साखरेत पुनर्वसन, दुसरं काही नाही. शिळ्या पोळीचा गूळ-तुपातला मलिदा ज्यानं खाल्ला आहे, त्याला यात नवल नाही, पण आपुलकी वाटते. तिसऱ्या रात्री क्रेम ब्रूले. हा खरवसाचा लांबचा भाऊ. वर साखर जाळून तिची काच केलेली असते, ती फोडून आत शिरायचं. बरा आहे. घरफोडीचं समाधान मिळतं. मधुमेह्यांसाठी एक बिनसाखरेची जेली होती. ती हलते. याहून तिच्याविषयी काही सांगता येत नाही.

सगळ्यात मोठा बदल मापात झाला आहे. दुपारच्या बुफेत गोडाचे प्रकार काचेच्या इवल्याशा पेल्यांतून मांडलेले. खोकल्याचं औषध देतात त्या मापाचे. माणसाला अपराधी वाटू नये म्हणून ही युक्ती. परिणाम असा की मी अपराधी न वाटता अकरा पेले संपवले. पण आज त्यातल्या एकाचंही नाव आठवत नाही. आमच्या हिंगोलीत अनंत चतुर्दशीला चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी माणसं लांबच लांब रांगेत उभी असतात. हातावर पडतो एक मोदक. त्या एका मोदकाबद्दल माणूस वर्षभर बोलतो. अकरा पेल्यांना ते का साधत नाही, याचा मी डेकवर खुर्ची टाकून विचार करत होतो.

उत्तर मिळालं ते पाचव्या रात्री, असं मला वाटलं. त्या रात्री जेवणघरातले दिवे मंद झाले, बँड वाजू लागला, आणि वाढपी मंडळी एकामागून एक हातावर तबकं तोलत नाचत बाहेर आली. तबकांत बेक्ड अलास्का. उतारू हातरुमाल गरागरा फिरवत होते. आमच्याकडे वरातीत फिरवतात तसेच.

हा पदार्थ मोठा गमतीचा आहे. खाली स्पंज केकचा पाट, त्यावर आइस्क्रीमचा ढीग, आणि त्याच्यावर अंड्यातला पांढरा भाग साखर घालून फेटलेला जाड फेस. हे सगळं कडक भट्टीत काही मिनिटं ठेवायचं. फेसात हवा कोंडलेली असते आणि तिच्यातून उष्णता लवकर आत शिरत नाही. वरचा फेस तांबूस होतो, आतलं आइस्क्रीम गोठलेलंच राहतं. म्हणजे आइस्क्रीमला गोधडी पांघरून चुलीशी बसवायचं! अमेरिकेनं रशियाकडून अलास्का विकत घेतलं १८६७ साली, आणि न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको या हॉटेलाशी या पदार्थाचं नाव जोडलं जातं. तिथला आचारी शार्ल रानोफर यानं १८९४ च्या आपल्या जाडजूड पाकपुस्तकात त्याला 'अलास्का, फ्लोरिडा' असं नाव दिलं. एका घासात बर्फ आणि ऊन. आम्ही तर फ्लोरिडातूनच निघालो होतो.

आमच्या टेबलाचा वाढपी गोव्याचा होता. आमचं मराठी कानावर पडल्यापासून तो आम्हाला काका-काकी म्हणू लागला होता. मी त्याच्याजवळ मिरवणुकीची तारीफ केली. तो हसला. "काका, ही काय मिरवणूक! माझे वडीलपण जहाजावरच होते. त्यांच्या वेळी याच्यावर दारू ओतून पेटवायचे. अंधारात नुसत्या ज्वाळा नाचत यायच्या. आता या सेलवरच्या मेणबत्त्या." जहाजावर आगीची जेवढी धास्ती असते तेवढी पाण्याचीही नसते. म्हणून आग गेली. पुष्कळ जहाजांवर तर मिरवणूकही गेली, हेही त्यानंच सांगितलं.

झालं! माझ्यातला समीक्षक जागा झाला. त्या रात्री डेकवर वारा खात मी सौ.ला माझा सिद्धांत ऐकवला. गोड पदार्थाचा जीव साखरेत नसतो, आग्रहात असतो. आपली पंगत आठव. मांडवामागे चर खणून चूल पेटलेली, आचारी झाऱ्यातून बुंदी पाडतोय, ती एकतारी पाकातून निथळून परातीत पडतेय. पळसाच्या पत्रावळीवर गरम गरम बुंदी येते. आपण हात आडवा धरतो. वाढपी हाताच्या वरून वाढतो. आपण पत्रावळीवर पालथे पडतो, तो पाठीवरून वाढतो. मग यजमान येतात, व्याही येतात, "बापू, माझ्या गळ्याची आण" म्हणून एकेक मूठ टाकतात. स्वयंपाकघर जेवणाऱ्याकडे चालत येतं, हा खरा गोडवा. ही साहेबाची मिरवणूक म्हणजे आग्रहाचाच एक परदेशी अवतार होता. त्याचीही आग विझली. आपल्याकडे बुफे आला, इथे औषधाचे पेले आले. माणूस ताटापासून दूर गेला, आणि गोड नुसतंच गोड उरलं.

मला वाटलं, ती भारावली असेल. कारण बराच वेळ ती समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झालं तुमचं?"

"झालं."

"मग मी एक विचारते. गरम बुंदी कशी लागते हो?"

मी म्हटलं, "अगं, म्हणजे काय? तू काय खाल्ली नाहीस होय?"

"नाही. बायकांची पंगत शेवटी. पुरुषांच्या तीन पंगती उठायच्या, मग गडी-माणसं, मग आम्ही. चार-चार वाजायचे. परातीचं बूड दिसायला लागलेलं असायचं. बुंदी नव्हे, बुंदीचा चुरा. आणि तुमचे ते आग्रहवाले? ते तोवर मांडवात आडवे झालेले असायचे. आमचं आम्हीच वाढून घ्यायचो. तुम्ही म्हणता तो बुफे मला ठाऊक आहे. आम्ही तो जन्मभर केलाय."

मी काही बोललो नाही. ती पुढे म्हणाली, "आज त्या गोव्याच्या पोरानं तबक आणलं आणि तुमच्या आधी माझ्यापुढे ठेवलं. मला वाटलं, चुकला. मी तुमच्याकडे सरकवायला निघाले, तर म्हणतो, 'नाही काकी, आधी तुम्ही.' त्या मेणबत्त्या सेलवरच्या होत्या का खऱ्या, माझं काही लक्ष नव्हतं."

टायटॅनिकचं वाक्य वहीत होतंच. गोडावरून माणसाची पंगत ओळखावी. साहेबाचे तीन वर्ग मी शंभर वर्षांपूर्वीच्या कागदात शोधून काढले आणि माझ्या घरातला चौथा वर्ग मला दिसला नाही. इतका चष्म्याचा नंबर वाढलाय, हे डॉक्टरही म्हणाले नव्हते.

त्या रात्री झोप आली नाही. जहाज हलतं म्हणून, असं मी मुलाला सांगितलं. खरं म्हणजे १९७२ चा दुष्काळ आठवत होता. मी दहा वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथे मिळणारी सुकडी पदरात बांधून आणायची. सुकडी गोड असते. आम्ही भावंडं दारातच तिच्या पदराची गाठ सोडायचो. त्या सुकडीची चव मी पन्नास वर्षं लोकांना वर्णन करून सांगितली आहे, एकदा तर शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणसुद्धा केलं. तिनं स्वतः तिथे काही खाल्लं होतं का, हे विचारायचं मात्र राहून गेलं. आता विचारायला ती नाही.

परत आल्यावर वसमतला एका लग्नाला गेलो. बुफे होता. गुलाबजाम, रबडी, आइस्क्रीम, आणि एका कोपऱ्यात कढईतून थेट ताटलीत पडणारी जिलबी. बुंदीचं नाव नाही. जहाजावर जाण्यापूर्वीचा मी असतो, तर तिथेच उभ्या उभ्या संस्कृतीच्या ऱ्हासावर चार वाक्यं बोललो असतो. एक उसासा तयारही होता. पण समोर पाहिलं तर कढईपुढच्या रांगेत पहिल्या पाच जणींत आमची सौ., तिच्यापुढे नवऱ्या मुलीची आजी, आणि दोघींच्या ताटल्यांत वाफाळती जिलबी. दुपारचे साडेबारा वाजले होते. मी उसासा गिळला आणि रांगेत मागे जाऊन उभा राहिलो. माझी पाळी येईपर्यंत जिलबी दोनदा संपली. रांगेच्या शेपटाला उभं राहून गोडाची वाट पाहणं कसं असतं, याचा तो माझा पहिलाच अनुभव. समीक्षकानं तो एकदा घ्यावा.

तरीही माझा सिद्धांत मी पूर्ण सोडलेला नाही. आग्रह हवाच. फक्त तो कोणाला होतो, हे पाहायला हवं. म्हणून परवा रविवारी मी स्वतः शिरा केला. आयुष्यातला पहिला. रवा भाजला, तूप सढळ घातलं, पाणी ओतताना हात चुकला. सौ.ला पाटावर बसवलं, तिच्यापुढे वाटी ठेवली, आणि ती पुरे म्हणेना तोवर वाढत राहिलो. तिनं हात आडवा धरला, मी हाताच्या वरून वाढलं.

तिनं शांतपणे खाल्लं. मग समीक्षा केली. माझ्या या सगळ्या पानांहून ती नेमकी होती.

"गुठळ्या आहेत. पण गरम आहे."