ओठांवरचा शब्द सूरजागडला कसा मोजाल?

‘थांबा, अगदी ओठांवर आहे...’ असं म्हणून आपण अडतो. अर्थ पक्का माहीत असतो, शब्द येतो याचीही खात्री असते, पण तो काही बाहेर पडत नाही. या अडण्याचा पहिला गाजलेला प्रयोग रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. संशोधनाला लागणाऱ्याने तो वाचावाच. आज मात्र त्याचं कौतुक थोडक्यात करून त्याच्या मोजपट्टीबद्दल बोलू.

प्रयोग साधा होता. हार्वर्ड आणि रॅडक्लिफच्या ५६ विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या ४९ इंग्रजी शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. शब्द ओठांवर अडला, की त्याचं पहिलं अक्षर कोणतं, अवयव किती, हे विचारायचं. असे ३६० प्रसंग मिळाले. शब्द आठवत नसतानाही पहिलं अक्षर सुमारे ५७ टक्के वेळा बरोबर निघालं. म्हणजे शब्दाचा अर्थ आणि त्याचा आवाज डोक्यात एकाच गाठोड्यात नसतात. अर्थ हाती लागतो, आवाज मात्र अर्धवटच येतो. हा निष्कर्ष आजही टिकून आहे.

आता समजा, ‘भारतीय संदर्भात’ हाच प्रयोग करायचा असा प्रस्ताव तुम्ही लिहिला आणि गाव निवडलं सूरजागड. गडचिरोली जिल्ह्यातला एटापल्ली तालुका, लोहखनिजाचा डोंगर, घरात माडिया आणि शाळेत मराठी. इथे मोजपट्टी कुठे कुठे तुटते ते पाहा.

पहिली अडचण शब्द निवडण्याची. ब्राउन-मॅकनील यांनी ‘क्वचित’ शब्द छापील इंग्रजीच्या वारंवारिता-यादीतून घेतले. माडिया मुख्यतः बोलण्याची भाषा आहे. अशी यादी काढण्याइतका छापील मजकूर तिच्यात नाही. मग व्याख्येऐवजी चित्रं दाखवू म्हणाल. पण स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट यांच्या १९८० च्या प्रसिद्ध २६० चित्रांच्या संचात आर्टिचोक आहे, अ‍ॅस्परॅगस आहे. त्यावर कुणी गप्प बसलं तर शब्द अडला म्हणायचं, की वस्तूच पाहिलेली नाही म्हणायचं? मोह, तेंदू, हिरडा दाखवलात तर कदाचित संशोधकच गप्प बसेल. ‘क्वचित’ हा शब्दाचा अंगचा गुण नसतो. कोण बोलतंय त्यावर तो ठरतो.

दुसरी अडचण ‘पहिल्या अक्षरा’ची. इंग्रजी अक्षर म्हणजे एक सुटा वर्ण. देवनागरीत ‘कुऱ्हाड’चं पहिलं अक्षर ‘कु’. मग कुणी ‘क’ म्हणालं तर गुण द्यायचा का? द्याल तर एक आकडा येईल, नाही दिलात तर दुसरा, आणि दोन्हींची त्या ५७ टक्क्यांशी सरळ तुलना होणार नाही. शिवाय जो शाळेतच गेला नाही, त्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे स्मरण नाही, साक्षरता मोजणं.

यावर एक छान तोड आहे, निदान मराठीपुरती. व्हिलिओको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये इटालियन भाषकांना अडलेल्या शब्दाचं लिंग विचारलं. बहुतेकांना ते सांगता आलं. मराठीत ‘तो, ती की ते?’ असं विचारता येईल, त्याला लिपी लागत नाही. (लिंगं तीन आहेत म्हणून अंदाजाची शक्यता थेट एक-तृतीयांश धरू नका. तिन्ही लिंगांचे शब्द सारखे नसतात.) पण हीच युक्ती माडियात चालणार नाही. गोंडी गटातल्या भाषांत पुल्लिंग मुख्यतः पुरुषांसाठी आणि देवांसाठी, बाकी सगळं दुसऱ्या वर्गात. तिथे लिंग अर्थावरूनच कळतं. म्हणून बरोबर उत्तर आलं तरी शब्दाच्या रूपाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे नुकसान माणसाचं होतं. गोलन आणि असेनास यांनी २००४ मध्ये चित्रं दाखवून असं नोंदवलं, की द्विभाषक इंग्रजी शब्दांवर एकभाषकांपेक्षा जास्त वेळा अडतात. पण दोन्ही भाषांत सारखाच वाटणारा शब्द असला की हा फरक मिटतो. आणि ज्या शब्दाचा दुसऱ्या भाषेतला पर्याय सांगता येतो, त्यावर द्विभाषक उलट कमी अडतात. म्हणजे ‘मातृभाषा मध्ये येते’ हे आपलं आवडतं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. जास्त पटणारं कारण असं: दिवस तोच, बोलणं दोन भाषांत वाटलेलं, म्हणून प्रत्येक भाषेतला शब्द कमी वेळा वापरला जातो.

आता वर्गात मराठी शब्दावर अडखळणारं माडिया मूल डोळ्यांसमोर आणा. फक्त मराठीत चाचणी घेतलीत तर तुमच्या तक्त्यात ते ‘कमकुवत’ ठरेल. प्रबंध तुमचा होईल, शिक्का त्याच्यावर बसेल.

म्हणून प्रस्तावात किमान चार गोष्टी लिहा. उत्तर कोणत्याही भाषेत आलं तरी नोंदवा. शेवटी शब्द ऐकवून ‘हाच होता का?’ असं विचारा, म्हणजे ‘आठवत नाही’ आणि ‘येतच नाही’ वेगळे होतील. ‘मोबाईल’सारखे दोन्ही भाषांत चालणारे शब्द तुलनेसाठी ठेवा. तिथेही फरक दिसला तर तुमचं स्पष्टीकरण चुकतंय. आणि शब्दांची यादी गावातल्या लोकांबरोबर बसून करा, आपल्या खोलीत बसून नको.

ब्राउन-मॅकनील यांचा प्रयोग चुकीचा नव्हता. तो त्या ५६ जणांसाठी बेतलेला होता. तो जसाच्या तसा उचलला, तर चूक आपली.